खोबरेल तेल : घरातले आणि अंगावरचे उपयोग

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते आणि त्यावर गेले की पुन्हा पातळ होते. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा आणि आसपासच्या गावांत हा बदल दरवर्षी घरातल्या बाटलीत दिसतो. दिवाळी सरून रात्री गार होऊ लागल्या की तेल आधी गढूळते, मग तळाशी पांढरे कण धरतात आणि मार्गशीर्षात, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते त्या दिवसांत, ते बाटलीत घट्ट बसलेले असते. सकाळी मुलींच्या वेण्या घालण्याआधी बाटली उन्हात किंवा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी लागते. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या उंचावरच्या भागात कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठते. तिथे दिवस बराच वर आल्याशिवाय तेल सुटत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा तेच तेल तळहातावर ठरत नाही, बोटांमधून ओघळते. या थिजण्या-वितळण्यामागे तेलाची जी घडण आहे, तिच्यावरच त्याचे बहुतेक उपयोग अवलंबून आहेत. कोणत्या कामाला ते निरुपयोगी आहे, तेही तिच्यावरूनच कळते.

कोणत्याही खाद्यतेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल यांच्या तेलांत या मेदाम्लांच्या साखळ्या बहुतांशी १६ ते १८ कार्बन अणूंच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच असंपृक्त, म्हणजे मधेच वाकलेल्या असतात. वाकलेल्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ही तेले थंडीतही वाहती राहतात. खोबरेल तेलात जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी १२ कार्बनची, आखूड आणि सरळ. त्याखालोखाल १४ कार्बनचे मिरिस्टिक आम्ल येते आणि ८ व १० कार्बनची आम्लेही थोड्या प्रमाणात असतात. एकूण मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के संपृक्त असतात. साखळ्या सरळ असल्यामुळे तेल थिजते. पण त्या आखूड असल्यामुळे तळहाताच्या उबेनेही ते वितळते. संपृक्त असल्यामुळे हवेतील ऑक्सिजनचा त्यावर लवकर परिणाम होत नाही, म्हणून ते बराच काळ टिकते आणि वाळून चिकट थरही होत नाही.

धानोरा हा काही नारळाचा मुलूख नव्हे. खानदेशात अंगाला आणि स्वयंपाकाला वापरायची जुनी तेले शेंगदाण्याची आणि तिळाची. सातपुड्यातल्या पाड्यांवर मोहाच्या बियांचे तेल काढतात. या बियांना मराठीत टोळंबी म्हणतात, गुजरातच्या सीमेकडे डोळी. टोळंबीचे तेलही थंडीत थिजते, पण त्यातली मेदाम्ले लांब साखळीची असल्याने ते कातडीवर जाडसर बसते. भेगाळलेल्या टाचांना ते चांगले, केसांना मात्र जड. खोबरेल तेल या भागात पूर्वीपासून दुकानातूनच आले. त्यासाठीचे खोबरे दक्षिणेत वाळवले जाते. तामिळनाडूतील कांगेयम हे तेलाच्या खोबऱ्याचे मोठे केंद्र आहे, तर कर्नाटकातील तिपटूर खाण्याच्या गोटा खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. ओल्या खोबऱ्यातले पाणी ६ ते ७ टक्क्यांपर्यंत उतरले की ते घाण्यात घालण्याजोगे होते आणि अशा सुक्या खोबऱ्याच्या वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक तेल निघते. ओल्या खोबऱ्याच्या दुधापासून काढलेले ‘व्हर्जिन’ तेल वासाला ताजे असते आणि महागही असते. त्याची मेदाम्ले मात्र जवळजवळ तीच असल्यामुळे केसांना किंवा अंगाला लावण्यापुरता दोहोंत फारसा फरक पडत नाही.

दुकानातले खोबरेल तेल बराच काळ पत्र्याच्या डब्यात मिळत असे. १९८० च्या दशकात पॅराशूट तेल प्लास्टिकच्या बाटलीत आणायचे ठरले तेव्हा दुकानदार तयार होईनात. आधी कोणीतरी चौकोनी बाटल्या आणून पाहिल्या होत्या आणि तेलाच्या वासाने आलेल्या उंदरांनी त्या कोपऱ्यांवर कुरतडून दुकानभर तेल सांडले होते. मग बाटली गोल करण्यात आली. गोल पृष्ठभागावर उंदराच्या दातांना पकड मिळत नाही. उंदरांसह बाटल्या पिंजऱ्यात ठेवून हे पडताळून पाहिले गेले आणि त्यानंतरच दुकानदारांचा विश्वास बसला. हा ब्रँड पुढे हर्ष मारीवाला यांच्या मॅरिको कंपनीकडे आला. खानदेशात जळगावला तिचा कारखाना आहे.

खोबरेल तेलाचा सर्वांत भक्कम उपयोग केसांसाठी आहे आणि तो नुसत्या परंपरेवर उभा नाही. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि आत केरॅटिन या प्रथिनाचा गाभा असतो. केस भिजला की पाणी आत शिरते, गाभा फुगतो, खवले उचकटतात. वाळला की पुन्हा आकसतो. हे वारंवार झाले की केस निबर होतो, त्याला फाटे फुटतात. त्यातच ओल्या केसांवर फणी ओढली तर उचकटलेले खवले तुटतात आणि प्रथिन धुऊन जाते. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुण्याआधी लावले काय किंवा नंतर लावले काय, प्रथिनाची झीज लक्षणीय प्रमाणात कमी केली ती फक्त खोबरेल तेलाने. हे संशोधक मॅरिकोचेच होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पण दिलेले कारण पटण्यासारखे आहे. लॉरिक आम्लाची आखूड, सरळ साखळी केसाच्या आत शिरू शकते आणि प्रथिनाशी तिची जवळीकही आहे. खनिज तेल वरवर राहते. केसात आधीच तेल गेलेले असले की पाण्याला जागा कमी मिळते, फुगणे कमी होते.

यावरून वापरायची पद्धतही ठरते. नहाण्याआधी काही तास, शक्य तर आदल्या रात्री, तेल लावणे सर्वांत उपयोगाचे. ते केसांच्या लांबीला आणि विशेषतः टोकांना लागले पाहिजे, कारण टोके सर्वांत जुनी आणि सर्वांत झिजलेली असतात. टाळूवर वाटीभर तेल थापून टोके कोरडी ठेवण्याची सवय उलटी आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना लहान चमचाभर तेल पुरते. नहाण्यानंतर लावायचे तर दोन-चार थेंब तळहातावर चोळून केसांवरून हात फिरवावा, म्हणजे गुंता सुटतो आणि फणी सैल चालते. विहिरी-कूपनलिकांच्या जड पाण्यात केस रखरखीत होतात, तिथे हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

तेलाने केस वाढतात, दाट होतात किंवा गळायचे थांबतात, हे मात्र खरे नाही. केस टाळूच्या आत तयार होतो. बाहेर आलेला केस ही मृत वस्तू आहे. तेल ती जपते, नवी घडवत नाही. बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर किंवा रक्त कमी असताना केस गळतात, त्यावर इलाज तपासणीचा आणि आहाराचा. ज्या घरांत मुली आणि बाया रक्तक्षयाने फिकट दिसतात तिथे केसांच्या तेलावर पैसे घालवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आरोग्य केंद्रात ते होते.

कोंडा ही तेलाची दुसरी मर्यादा. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी सर्वांच्याच असते. तिला स्वतःला मेदाम्ले बनवता येत नाहीत. ती टाळूवरच्या तेलावर जगते आणि लॉरिक आम्लासकट बहुतेक मेदाम्ले तिला चालतात. म्हणून नुसत्या कोरड्या टाळूचे पापुद्रे तेलाने बसतात. पण खाज, लाली आणि पिवळसर तेलकट खपल्या असतील तर रात्रभर मुरवलेले तेल त्रास वाढवू शकते. अशा वेळी कीटोकोनॅझोलसारखा औषधी शाम्पू लागतो. खपल्या मऊ करायला तासभर आधी तेल लावून मग तो शाम्पू वापरायला हरकत नाही. उवांच्या बाबतीतही तेलाची मदत मर्यादितच. दाट तेलाने उवा मंदावतात आणि बारीक दातांची फणी नीट फिरते, पण लिखा मरत नाहीत. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवावी लागते आणि ती घरातल्या सगळ्यांच्याच डोक्यात.

कातडीवर तेलाचे काम अगदी साधे आहे. ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून आंघोळ झाल्यावर अंग पूर्ण कोरडे व्हायच्या आत लावलेले पातळसे तेल, कोरड्या अंगावर दुपारी चोपडलेल्या जाड थरापेक्षा जास्त गुण देते. हिवाळ्यात पोटऱ्या, कोपरे, ओठ यांना ते पुरेसे असते. टाचांच्या भेगांना रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, मेलेली कातडी हलकेच घासून, मग तेल लावून मोजे घालावेत. भेगा खोल आणि रक्ताळलेल्या असतील तर नुसते तेल पुरत नाही. मेणासारखा घट्ट थर देणारे मलम लागते. मधुमेह असलेल्यांनी तर घरी घासाघासी करूच नये. इसबाच्या, म्हणजे सतत खाजणाऱ्या कोरड्या कातडीच्या आजारात व्हर्जिन खोबरेल तेलाचा फायदा फिलिपिन्समधील एका चाचणीत दिसला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ११७ मुलांवर आठ आठवडे खनिज तेल आणि खोबरेल तेल लावून पाहिले आणि खोबरेल तेलाचा गट सरस ठरला. चेहऱ्यावर मात्र ते जपून वापरावे. तारुण्यपीटिका येणाऱ्या तेलकट चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवते. खानदेशच्या उन्हापासून संरक्षण म्हणूनही ते कामाचे नाही. उन्हात जाताना पदर, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे हेच खरे.

बाळाच्या मालिशीला मराठी घरांत फार मान आहे आणि इथे तेलाची निवड महत्त्वाची ठरते. नवजात बाळाची, त्यातही दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची, कातडी पातळ असते. तीतून पाणी आणि उष्णता लवकर निघून जाते. २००५ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, खोबरेल तेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या गटापेक्षा जास्त वेगाने वाढलेले आढळले. मोहरीचे तेल कातडीचा संरक्षक थर दुखावते, त्यामुळे ते बाळासाठी टाळलेलेच बरे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे कमी वजनाची बाळे हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे, ही माहिती आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी घरोघर सांगण्याजोगी आहे. त्याबरोबर हेही सांगायला हवे की मालीश दूध पाजण्याची, उबेची किंवा दवाखान्याची जागा घेत नाही. फार कमी वजनाच्या बाळाला मालीश कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मालिशीची खोली गार नसावी, तेल कोमट असावे, हात हलका असावा. बाळाचे अंग खेचणे, नाक दाबून सरळ करणे, छाती पिळून दूध काढणे या गोष्टी घातक आहेत. टाळूवर तेलाचे बोट फिरवायला हरकत नाही, पण टाळू दाबून ‘भरत’ नाही. ती वयाप्रमाणे आपोआप भरते. नाकात आणि कानात तेल घालू नये. नाकातले तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरले तर तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो आणि तो लवकर बरा होत नाही. नाळेच्या देठालाही तेल लावू नये. तो कोरडाच राहू द्यावा. सगळ्यांत मोठा धोका कापराचा. सर्दीत छातीला लावायला खोबरेल तेलात कापूर विरघळवून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मोठ्यांना ते चालते, पण दोन वर्षांखालच्या मुलाला ते मुळीच लावू नये. कापूर कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो आणि बाळाला झटके येऊ शकतात. कापराच्या तेलाची बाटली वेगळी ठेवावी, तिच्यावर नाव लिहावे आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ती असावी.

या जिल्ह्यात खोबरेल तेलाचा एक उपयोग असा आहे, जो सौंदर्याच्या पुस्तकांत सापडत नाही. नंदुरबार ही लाल मिरचीची देशातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक. पावसाळा संपला की ओली लाल मिरची बाजार समितीत येऊ लागते, व्यापारी ती शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर पसरून वाळवतात आणि मग आसपासच्या गावांतल्या बाया दिवसभर बसून देठ खुडतात. मिरचीची आग करणारे द्रव्य, कॅप्सेसिन, बियांपेक्षा त्या ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात जास्त असते. देठ खुडताना टोपीखालचा भाग फाटतो, शिरा उघडी पडते आणि द्रव्य अंगठ्याच्या नि तर्जनीच्या पेरांवर, नखांच्या कडांना बसते. आग एकदम होत नाही. ती संध्याकाळकडे चढते आणि रात्री हात पांघरुणाबाहेर ठेवावे लागतात. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने हात धुतले तर ते निघत नाही, उलट पसरते. ते तेलात विरघळते.

म्हणून कामाला बसण्याआधी हाताला तेल लावण्याला अर्थ आहे. तेलाने कातडीच्या बारीक चिरा भरतात आणि मिरचीचे द्रव्य आधी त्या थरात उतरते. इथे हिवाळ्यात थिजलेले खोबरेल तेल पातळ तेलापेक्षा सोयीचे पडते, कारण ते नखांच्या कोपऱ्यांत घट्ट बसते आणि ओघळत नाही. पण अर्ध्यावर थांबलेले हे काम नुकसानही करते: दिवसभरात कॅप्सेसिन शोषलेला तेलाचा थर हातावर तसाच राहिला, तर ते द्रव्य कातडीला जास्त वेळ चिकटून राहते. काम संपल्यावर आधी कोरड्या फडक्याने हात पुसावेत, मग ताजे तेल चोळून पुन्हा पुसावेत आणि शेवटी साबण लावून, नखांत ब्रश फिरवून धुवावेत. तेल द्रव्याला सोडवते, साबण तेलाला घेऊन जातो; दोन्ही पायऱ्या लागतात. हे होईपर्यंत डोळ्यांना हात लावू नये, बाळाला जवळ घेऊ नये. हातमोजे मिळाले तर ते तेलापेक्षा चांगले, आणि ते कामावर ठेवणाऱ्याने पुरवायला हवेत. मिरचीच्या ठसक्याला तेलाचा काही उपयोग नाही. त्यासाठी नाकातोंडावर दुहेरी फडके किंवा मास्क हवा.

हाच नियम बिब्ब्यालाही लागू पडतो. सातपुड्याच्या जंगलात बिबे गोळा करताना आणि गोडंबीसाठी फोडताना जो काळा रस उडतो तोही तेलकट असतो आणि कातडीवर फोड आणतो. आधी तेल लावलेल्या हाताला तो लवकर बाधत नाही. मात्र कोऱ्या कातडीवर रस उडालाच तर त्यावर तेल चोळत बसू नये. रस पसरतो. आधी साबण-पाण्याने ताबडतोब धुवावे. चिकाच्या आणि डिंकाच्या बाबतीत थोडी पारख लागते. फणसाचा चीक रबरासारखा असतो, त्याला पाणी लावले की तो अधिकच चिकटतो. हाताला आणि विळीच्या पात्याला आधी तेल लावले की काम सोपे होते. सालईचा डिंक राळेच्या जातीचा असल्याने तेलाने सुटतो. धावड्याचा डिंक मात्र पाण्यातच विरघळतो, त्याला तेल लावणे व्यर्थ. पायाला लागलेले डांबर, बरणीवरच्या लेबलाचा उरलेला गोंद, धुळवडीचा पक्का रंग ही सगळी तेलाने सुटणारी मंडळी. रंग खेळायला जाण्याआधी चेहरा, कान आणि केस यांना तेल लावावे; खेळून आल्यावर लावले तर अर्धाच गुण येतो.

घरातल्या लोखंडाला आणि लाकडाला तेल लावताना खोबरेल तेल वाळत नाही, हा गुणधर्म आठवायला हवा. जवसाचे तेल हवेत उघडे राहिले की ऑक्सिजन घेऊन कडक, कातडीसारखा थर धरते. म्हणून ते लाकडावर आणि रंगांत वापरतात. खोबरेल तेल महिनोन्‌महिने ओलेच राहते. त्यामुळे विळा, कोयता, विळी, अडकित्ता ही हत्यारे पावसाळ्यात ठेवून देताना पुसून, वाळवून त्यांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवणे उत्तम. गंज धरत नाही, थर चिकट होत नाही आणि पुढच्या वेळी विळीवर भाजी चिरताना नुसते पुसले तरी चालते. मशीनचे तेल लावलेल्या विळीचे तसे नाही. पोळपाट-लाटणे, लाकडी रवी, पळ्या यांनाही ते चालते. रात्री लावून सकाळी पुसून घ्यावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे.

नव्या लोखंडी तव्याला किंवा कढईला मुरवण्यासाठी मात्र हे तेल कच्चे पडते. तव्यावरचा तो काळा, गुळगुळीत थर म्हणजे तापून एकमेकांत गुंफलेले असंपृक्त तेल. ते जवस, करडई, सूर्यफुलाच्या तेलाने बनते. खोबरेल तेलात गुंफायला लागणारे दुवेच फार थोडे. शिवणयंत्राच्या बाबतीत चूक महागात पडते. उन्हाळ्यात खोबरेल तेल घातलेले यंत्र सुरळीत चालते, पण पौषातल्या पहाटे आतले तेल थिजून यंत्र जड होते आणि कपड्याच्या तंतूंचा लगदा त्यात अडकतो. यंत्राला यंत्राचेच तेल घालावे. दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला तात्पुरते चालेल, पण तिथेही धूळ बसून काळी पेंड होते.

गुरांकडे पाहिले तर गाई-म्हशींच्या तडकलेल्या सडांना धार काढून झाल्यावर थोडे तेल लावल्याने चिरा मऊ राहतात. धारेआधी लावले तर दुधात उतरते. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी, तूप किंवा तेल चोळतात. जुवाने राठ झालेल्या कातडीला त्याने आराम पडतो. खांदा सोललेला, पाणावलेला असेल तर चोळू नये, जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

साबणाच्या कामात खोबरेल तेलाला तोड नाही. विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. लांब साखळीच्या तेलांपासून केलेला साबण त्यांच्याशी मिळून पांढरा चोथा धरतो आणि फेस येत नाही. लॉरिक आम्लाचा साबण पाण्यात जास्त विरघळतो, म्हणून तो जड पाण्यातच काय, समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. एकट्या खोबरेल तेलाचा साबण कपड्यांना आणि भांड्यांना छान, पण अंगाला कोरडा पडतो. म्हणून अंगाच्या साबणात ते इतर तेलांबरोबर मिसळतात. टोळंबीच्या तेलाचाही साबण होतो, आणि बचत गटांनी दोन्ही तेले मिसळून पाहण्याजोगी आहेत: एकाचा फेस आणि दुसऱ्याचा मऊपणा मिळतो. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो; टोळंबीच्या तेलाला त्याहून बराच कमी. म्हणून मिश्रणाचे माप प्रशिक्षण घेऊनच ठरवावे. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. डोळ्यांना चष्मा हवाच.

काही ठिकाणी तेलाचा हात आखडता घ्यावा. भाजल्यावर लगेच तेल लावले तर उष्णता आत कोंडते. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरणे हा पहिला उपाय. गजकर्णावर तेल चोळल्याने खाज घटकाभर थांबते, बुरशी तशीच राहते आणि इलाजाला उशीर होतो. तेलाच्या गुळण्यांची प्रथा आयुर्वेदात जुनी आहे. त्याने तोंड स्वच्छ वाटते, पण दात किडायचे थांबवण्यासाठी ब्रश आणि फ्लोराइडची पेस्टच लागते.

विकत घेताना बाटलीवरची अक्षरे वाचावीत. शुद्ध खोबरेल तेलावर खाद्यतेल असल्याचा उल्लेख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. त्याच्याच शेजारी, त्याच रंगाच्या बाटलीत ‘हेअर ऑइल’ असते आणि त्यातल्या कित्येकांत खोबरेल तेल थोडे आणि पातळ खनिज तेल जास्त असते. ते केसांना चमक देते, पण केसाच्या आत शिरत नाही. बाळाच्या मालिशीला आणि विळी-पोळपाटाला तर ते नकोच. लहान बाटलीतले शुद्ध तेल खाद्यतेल मानायचे की केसांचे तेल, हा वाद कर आकारणीतही बरीच वर्षे चालला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचे तेल ठरत नाही. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेलही ५ टक्क्यांत आले. कराचा फरक मिटला, आतल्या मालाचा फरक राहिला.

भेसळीची ढोबळ परीक्षा थंडीत घरीच होते. पारदर्शक पेल्यात थोडे तेल घेऊन ते रात्रभर गार जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. शुद्ध तेल एकसारखे पांढरे बसते. वर न थिजलेला पातळ थर राहिला तर त्यात दुसरे तेल असण्याची शक्यता आहे. पाम फळाच्या गरातून नव्हे, तर त्याच्या बियांतून काढलेले तेल मात्र घडणीने खोबरेल तेलाच्या इतके जवळचे आहे की त्याची भेसळ या परीक्षेत पकडली जात नाही. ती प्रयोगशाळेतच कळते.

साठवताना पाण्यापासून जपावे. ओल्या बोटांनी किंवा ओल्या चमच्याने तेल काढले की पाण्यामुळे लॉरिक आम्ल सुटे होते आणि तेलाला साबणासारखा उग्र वास येतो. मोठ्या बरणीतून आठवड्यापुरते तेल छोट्या बाटलीत काढून घ्यावे आणि थंडीत तीच बाटली उन्हात ठेवावी. सगळा साठा रोज तापवू-थिजवू नये. बरणी काचेची किंवा स्टीलची असावी. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल लवकर बिघडते. खवट झालेले तेल डोक्याला किंवा अंगाला लावू नये. ते देवघरातल्या दिव्यात जाळून किंवा विळ्या-कोयत्यांवर फिरवून संपवता येते.